रक्त देता देता विचारलेले प्रश्न: रोगप्रतिकारशक्तीबद्दल चोपड्याच्या एका लॅबवाल्याची उत्तरं

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेतो, डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेला माणूस, डॉक्टर नाही हे आधीच सांगून ठेवतो. सुई टोचली की माणूस सुईकडे बघायचं टाळतो आणि काहीतरी विचारतो, त्यातले निम्मे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात, शक्ती कमी झाली का, शक्ती वाढवायची कशी. तिथे मागे लाइन असते म्हणून अर्धवट उत्तर देऊन मोकळा होतो, म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहून काढू. औषध कोणतं घ्यायचं ते मात्र तुमच्या डॉक्टरलाच विचारा.

"ताकदनी गोळी शे का भाऊ?"

नाही. आणि घोळ त्या "शक्ती" शब्दाचाच आहे. शक्ती म्हटलं की वाटतं मोबाइलच्या बॅटरीसारखं काहीतरी आहे, कमी झालं की चार्ज करा, १०० टक्के झालं की बस. शरीरात असं काही भरून ठेवलेलं नसतं. शाळेच्या पुस्तकात सैनिक आणि किल्ला असं सांगतात पण मला विचाराल तर हे काम लग्नातल्या वरण-बट्टीच्या पंगतीसारखं जास्त आहे. पाचशे माणूस जेवतंय, त्यात आपलं कोण, व्याह्याकडचं कोण, उगाच येऊन बसलेला पण निरुपद्रवी कोण, आणि चपला चोरायला आलेला कोण, हे ओळखणारी चार जुनी माणसं मांडवात फिरत असतात. त्यांनी चोराला पकडायला पाहिजे पण व्याह्याची कॉलर धरली तर लग्न मोडतं. रोगप्रतिकारशक्तीचं मुख्य काम ते, ओळखणं. मारणं त्याच्यानंतर. आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात, त्यांना ती जेवू देते, उलट आपल्याला त्यांचा फायदाच होतो.

म्हणून "वाढवा" हा शब्दच चुकीचा वाटतो मला. नको तिथे वाढली तर दमा, कोड, आमवात होतो, त्याबद्दल खाली आहेच.

शेतात काटा रुतला तर तिथे सुजतं, लाल होतं, पू होतो, हे रोगामुळे का?

बऱ्यापैकी तुमच्याच पेशींमुळे. बाभळीचा काटा घुसला की कातडीचं कुंपण फाटलं, काट्यासोबत मातीतले जंतू आत गेले. तिथल्या पेशी लगेच रसायनं सोडतात, आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात म्हणून लाल आणि गरम, त्यांच्यातून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात म्हणून सूज. सगळ्यात आधी धावत येतात न्यूट्रोफिल, पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. पू म्हणजे मुख्यतः या मेलेल्या न्यूट्रोफिलांचा ढीग, त्यात मेलेले जंतू आणि खराब झालेलं मांस. त्यांच्या मागून मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पेशी येतात, त्या गिळतातही आणि साफसफाईही करतात.

गंमत म्हणजे हे सगळं पहिल्यांदा समजलं तेही काट्यावरूनच. १८८२ साली इल्या मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने इटलीत मेसिनाला समुद्रातल्या तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात बारीक काटा टोचून ठेवला, सकाळी बघितलं तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला. १९०८ चं नोबेल मिळालं त्याला. आपल्याकडे रोज शंभर लोकांच्या पायात काटा जातो, आपण फक्त शिव्या देतो.

जखम पायाला आणि गाठ जांघेत, हे कसं काय?

हे अवधाण. आजी म्हणायची अवधाण आलं म्हणजे पायाला कुठेतरी लागलंय, बघा. अगदी बरोबर सांगायची. अंगात अशा पाचशे-सातशे लिम्फ नोड म्हणजे लसिका ग्रंथी आहेत, जांघेत, काखेत, मानेत, पोटात. पायातल्या जखमेतून झिरपणारं पाणी जांघेतल्या गाठींतून गाळून जातं. जखमेच्या जागेवरून काही पेशी जंतूचे तुकडे उचलतात आणि त्या गाठीत घेऊन येतात, तिथे टी आणि बी नावाच्या पांढऱ्या पेशी गर्दी करून असतात.

आता इथे खरी मजा आहे. प्रत्येक टी पेशी आणि बी पेशी जन्मतःच एकेक वेगळा साचा घेऊन आलेली असते, म्हणजे एक पेशी फक्त एकाच आकाराच्या तुकड्याला ओळखणार, बाकी कशाला नाही. असे कोट्यवधी वेगवेगळे साचे तयार असतात, जो जंतू तुम्ही जन्मात बघितला नाही त्याचाही साचा कुठल्यातरी पेशीकडे असतोच. पण ती पेशी लाखात एखादी. ती आणि जंतूचा तुकडा यांची गाठ पडायची कशी? म्हणून गाठी. आठवडे बाजारात जसा विकणारा आणि घेणारा दोघं येतात, तसं. जुळलं की ती एक पेशी भराभर वाढून हजारो होतात, आणि त्या गर्दीनेच गाठ फुगते आणि दुखते. बी पेशींतून तयार होणाऱ्या पेशी अँटिबॉडी, म्हणजे त्याच जंतूला जाऊन चिकटणारी प्रोटीनं, सोडायला लागतात. या सगळ्याला पहिल्या वेळी आठवडा तरी लागतो, कधी दोन. तेवढे दिवस न्यूट्रोफिल आणि मंडळी किल्ला लढवतात (बघा, आलाच किल्ला).

जखम बरी झाली की अवधाण उतरतं. जखम नाही, दुखत नाही, आणि गाठ महिनाभर तशीच किंवा वाढतेय तर मात्र दाखवा, घरी शेकत बसू नका.

ताप आला की लगेच गोळी घेऊन उतरवायचा का?

ताप हा जंतूने चढवलेला नसतो, तुमच्या मेंदूने चढवलेला असतो. पांढऱ्या पेशी निरोप पाठवतात, मेंदूतलं थर्मोस्टॅट ३७ वरून ३९ वर सेट होतं, मग शरीराला वाटतं आपण थंड आहोत, म्हणून हुडहुडी भरते आणि मे महिन्यातही माणूस गोधडी मागतो. वाढलेल्या तापमानात बऱ्याच जंतूंची वाढ मंदावते आणि पेशी जोमात चालतात. म्हणून थोडा ताप आहे, माणूस पाणी पितोय, बोलतोय, तर घाई नाही. अंग फारच दुखत असेल तर पॅरासिटामॉल घ्या, त्यात पाप नाही. तान्ही मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं, किंवा ताप तीन दिवसांच्या पुढे गेला, तर डॉक्टर.

पण आपल्याकडे एक वेगळा प्रकार आहे तो लक्षात ठेवा. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा ऊन लागून अंग तापतं ते या अर्थाने ताप नाहीच. तिथे थर्मोस्टॅट ३७ लाच असतं, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नसते. म्हणून पॅरासिटामॉलचा तिथे काडीचा उपयोग नाही. सावली, अंगावर पाणी, वारा आणि तडक दवाखाना. उन्हात काम करणारा माणूस बरळायला लागला आणि घरच्यांनी गोळी देऊन झोपवलं, असं होऊ देऊ नका.

सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी वाढल्यात, कॅन्सर तर नाही ना?

बहुतेक वेळा नाही. एका मायक्रोलिटरमध्ये साधारण ४,००० ते ११,००० नॉर्मल. १४-१५ हजार म्हणजे कुठेतरी इन्फेक्शन, गळू, न्यूमोनिया, कधी नुसतं बाळंतपण, कधी स्टेरॉइड चालू असतं. न्यूट्रोफिल वाढले तर जिवाणूचा संशय, लिम्फोसाइट (त्यातच टी आणि बी पेशी आल्या) वाढले तर व्हायरसकडे बघतात, इओसिनोफिल वाढले तर जंत किंवा अ‍ॅलर्जी. आणि उलटंही असतं, डेंग्यूत पेशी कमी होतात, अडीच-तीन हजार. लोक फक्त प्लेटलेट विचारतात, वरच्या ओळीकडे कोणी बघत नाही. लाखाच्या घरात गेल्या किंवा स्लाइडवर विचित्र पेशी दिसल्या तर आम्ही स्वतःच फोन करतो. रिपोर्ट घेऊन गूगल करत बसू नका, गूगलवर सर्दीचाही कॅन्सर होतो.

विडाल पॉझिटिव्ह आली म्हणजे टायफॉइडच ना?

याच्यावर मी तासभर बोलू शकतो. विडाल टेस्ट १८९६ ची आहे आणि ती जंतू शोधतच नाही. ती बघते तुमच्या रक्तात टायफॉइडच्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत का. आता वर सांगितलं तसं अँटिबॉडी बनायला आठवडा लागतो, म्हणजे तापाच्या दुसऱ्या दिवशी विडाल केली तर खरा टायफॉइड असूनही निगेटिव्ह येऊ शकते. आणि एकदा बनलेल्या अँटिबॉडी महिनोन् महिने राहतात, म्हणजे मागच्या वर्षी टायफॉइड झाला होता, किंवा त्याच्याच भाऊबंद जंतूने पोट बिघडलं होतं, तरी आज मलेरियाच्या तापात विडाल पॉझिटिव्ह दिसू शकते. आपल्या भागात थोड्याफार अँटिबॉडी कितीतरी धडधाकट लोकांच्या रक्तात सापडतील. रिपोर्टवर अँटिबॉडीचा आकडा १:८० आला की लोकांच्या तोंडचं पाणी पळतं.

माझ्या काकूला एका ठिकाणी दर पावसाळ्यात "टायफॉइड" निघायचा, तीन वर्षं, दर वेळी सात-सात इंजेक्शनं. तेव्हा मी शिकत होतो, मलाही कळत नव्हतं. आता कळतं की ती जुनी ओळख होती, नवा चोर नव्हता. पहिल्या आठवड्यात खरी तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, रक्तातला जंतूच वाढवून बघायचा, तेही अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी. महाग आहे, रिपोर्टला दिवस लागतात, म्हणून कोणी सांगत नाही आणि कोणी करतही नाही.

डेंग्यूच्या रिपोर्टमध्ये तीन ओळी असतात, त्या काय?

एनएस१ म्हणजे व्हायरसचाच तुकडा, तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत सापडतो. आयजीएम म्हणजे ताज्या अँटिबॉडी, साधारण पाचव्या दिवसापासून. आयजीजी म्हणजे मुरलेल्या अँटिबॉडी, नुसती आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर बहुतेक पूर्वी कधीतरी होऊन गेलाय. म्हणून आम्ही विचारतो ताप कितवा दिवस, तेव्हा खरं सांगत जा, "कालपासून" म्हणून सहा दिवसांचा ताप लपवू नका.

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण, पण दुसऱ्या प्रकाराचा झाला तर जुन्या अँटिबॉडी व्हायरसला नीट मारत नाहीत, नुसत्या चिकटतात, आणि त्या चिकटलेल्या अवस्थेत व्हायरस पेशींमध्ये जास्त सोपा घुसतो. म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू जास्त वाईट होऊ शकतो. अर्धवट ओळख अशी महागात पडते. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही म्हणून घरोघरी ड्रम भरलेले, आणि तो डास नेमका स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. ड्रमला कापड बांधा, आठवड्यातून एकदा घासून कोरडा करा.

कांजिण्या एकदाच येतात, मग सर्दी दर महिन्याला कशी?

कांजिण्यांचा व्हायरस एकच आणि फारसा बदलत नाही, म्हणून ओळख पक्की बसते (व्हायरस मात्र नसांमध्ये झोपून राहतो, म्हातारपणी नागीण म्हणून उठतो, तो भाग वेगळा). सर्दीचे व्हायरस दोनशेच्या वर. या महिन्याची सर्दी मागच्या महिन्यातली नसते. फ्लू तर दर वर्षी चेहरा बदलून येतो.

मग लस काय करते?

चोराचा फोटो दाखवते, चोर न आणता. पूर्ण जंतू मारून, किंवा अशक्त करून, किंवा त्याचा एखादा तुकडा देते. गाठींमध्ये तोच सगळा बाजार भरतो, आणि शेवटी काही पेशी आठवण म्हणून वर्षानुवर्षं मागे राहतात. खरा जंतू आला की आठवडा नाही लागत, दोन-तीन दिवसांत काम सुरू.

घरातल्या साठीच्या पुढच्या माणसाच्या दंडावर बघा, गोल खड्डे दिसतील, ती देवीची लस. भारतातला देवीचा शेवटचा पेशंट मे १९७५ मधला, १९८० ला ती जगातूनच गेली म्हणून जाहीर झालं. तुमच्या-माझ्या डाव्या दंडावरचा छोटा व्रण वेगळा, तो बीसीजीचा, टीबीचा. बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून वाचवते, मोठ्यांच्या छातीच्या टीबीवर तिचा तेवढा भरवसा नाही, म्हणून "मला लस दिलेली आहे, मला खोकला असला तरी टीबी नसेल" असं म्हणू नका.

आणि लस काही परदेशातून आयती आली असंही नाही. प्लेगमध्ये लोक गावं सोडून शेतात झोपड्या बांधून राहायचे, त्या काळात वाल्देमार हाफकिनने मुंबईतच प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्याच्याच नावाची.

गोवराची लस मात्र चुकवू नका, एमआर म्हणजे गोवर-रुबेला, ९ महिने पूर्ण झाले की पहिली आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरी. गोवर नुसता पुरळ देऊन जात नाही, तो आठवणीच्या पेशीच मारतो, म्हणजे बाळाने आधी कमावलेली ओळख पुसून टाकतो, मग पुढचे महिने न्यूमोनिया, जुलाब मागे लागतात. २०२२ ला मुंबई, भिवंडी आणि आपल्या शेजारच्या मालेगावात गोवर उसळला होता, फार लांबची गोष्ट नाही.

दर वेळी खिळा लागला की टीटी, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन का?

दर वेळी नाही. लहानपणीचे डोस पूर्ण असतील तर दहा वर्षांनी एक, आणि जखम शेण-मातीची असेल व पाच वर्षं उलटली असतील तर एक. आता टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही येतं. गंज हा गुन्हेगार नाही, मातीतले आणि शेणातले बीजाणू गुन्हेगार. आणि एक विचित्र गोष्ट, धनुर्वात होऊन माणूस वाचला तरी त्याला पुढे संरक्षण मिळत नाही, कारण त्याचं विष इतक्या कमी मात्रेत काम करतं की शरीराला ओळख पटवायला तेवढं पुरतच नाही. म्हणून त्यालाही लस द्यावीच लागते.

साप चावल्यावर देतात ती पण लस का?

नाही, ते उसनं आहे. घोड्याला नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष थोडं थोडं टोचत जातात, घोडा अँटिबॉडी बनवतो, त्या काढून आपल्याला देतात. आपल्या शरीराला अँटिबॉडी बनवायला आठवडा, मण्यार तेवढा वेळ देत नाही. म्हणून केळीच्या बागेत पाणी भरताना चावलं तर मांत्रिक, दोरी, ब्लेड काही नाही, हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना. उसनं असल्यामुळे त्याची आठवण राहत नाही, परत चावला तर परत द्यावं लागतं. घोड्याचं असल्यामुळे रिअ‍ॅक्शनही येऊ शकते, म्हणून घरी किंवा गाडीत नाही देत.

कुत्रा चावल्यावर दोन्ही लागतं. जखम खोल असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार अँटिबॉडी, ते उसनं, लगेच कामाला. आणि दंडात लस, ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी, ती स्वतःची कमाई. पण सगळ्यात आधी नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. मिरची, चुना, हळद भरून आलेल्या जखमा बघितल्यात मी, अंगावर काटा येतो.

बाळंतिणीचं पहिलं पिवळं दूध काढून टाकायचं म्हणतात?

अजिबात नाही. आणि हे शेतकऱ्याला मी समजावून सांगायची गरजच नको. गाय व्यायली की वासराला तासाभरात चीक पाजता का नाही? नाही पाजला तर वासरू आठ दिवसांत हगवणीने जातं हे तुम्हाला माहीत आहे. कारण गाईच्या वारेतून अँटिबॉडी वासरात जात नाहीत, सगळं चिकातून, आणि तेही पहिल्या २४ तासांतच आतड्यातून रक्तात शिरतं. माणसाच्या बाळाचं नशीब थोडं बरं, आईच्या आयजीजी वारेतून आधीच मिळतात आणि काही महिने पुरतात, पण आतड्याला आणि घशाला आतून लेप देणाऱ्या आयजीए त्या पिवळ्या चिकातूनच येतात. वासराला चीक पाजायचा आणि नातवाला मधाचं बोट चाटवायचं, हा कुठला न्याय जिभाऊ?

केळी खाल्ल्याने सर्दी होते का?

केळीच्या तालुक्यात बसून हा प्रश्न. सर्दी व्हायरसने होते, केळ्यात व्हायरस नसतो. केळं खाऊन तोंडात किंवा घशात खाज येत असेल तर ती अ‍ॅलर्जी, तसे लोक कमी पण असतात.

हळद, काढा, गुळवेल?

भाजीत हळद असू द्या, काही बिघडत नाही, पण हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फार कमी शिरतं, म्हणून वाटीभर हळद दुधात घालून फायदा वाटीभर होत नाही. आल्याचा चहा घशाला बरा वाटतो, तेवढं पुरे. गुळवेलीचं जरा जपून, कोरोनाच्या काळात लोक महिनोन् महिने पीत होते आणि २०२१ ला मुंबईच्या डॉक्टरांनी लिव्हरला त्रास झालेले पेशंट नोंदवले, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद आहे. पण आधीच काविळीचा इतिहास असेल तर मी तरी पिणार नाही. व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांनी सर्दी टळत नाही, झालेली थोडी लवकर जाते इतकंच.

खायचं विचाराल तर कळण्याची भाकरी. थट्टा नाही करत. अँटिबॉडी हे प्रोटीन आहे, प्रोटीनशिवाय बनणार कशी? ज्वारीत लायसिन हा प्रोटीनचा एक घटक कमी, उडदात भरपूर, दोन्ही एकत्र दळले की एकमेकांची उणीव भरून निघते. आजीला लायसिन माहीत नव्हतं, पण दळण बरोबर द्यायची. सोबत अंडी, दूध, डाळ, पालेभाजी, पुरेशी झोप. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कुपोषित लेकरांना साधे जुलाबही झेपत नाहीत ते याचमुळे, तिथे गोळी नाही, पोटभर जेवण कमी पडतं.

सिकलसेलवाल्या मुलाला सारखं इन्फेक्शन का होतं?

सातपुड्यातून, पावरा-भिल्ल पाड्यांवरून पेशंट येतात, त्यांच्या घरचे हे विचारतात आणि हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात. प्लीहा म्हणजे पाणथरी, ती रक्त गाळणारी सगळ्यात मोठी चाळणी, न्यूमोकोकससारखे जाड कवचाचे जंतू तीच पकडते. वाकड्या पेशी अडकून अडकून ती आतून मरत जाते, बऱ्याच मुलांची पाच वर्षांच्या आत निकामी होते. म्हणजे पांढऱ्या पेशी ठीक, पण चाळणीच गेली. म्हणून अशा मुलाला ताप आला तर "बघू उद्या" चालत नाही, त्याच दिवशी दवाखाना. लहानपणी रोजचं पेनिसिलिन आणि न्यूमोकोकलची लस, दोन्ही याच कारणाने देतात, मध्येच बंद करू नका.

वाहक असणं, म्हणजे आई किंवा बाप एकाकडूनच हा गुण मिळालेला असणं, हा आजार नाही, त्याची पाणथरी नीट असते, उलट त्याला मलेरियाचा जोर कमी बसतो, म्हणूनच मलेरियाच्या पट्ट्यात हा गुण टिकला. दोघं वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता २५ टक्के. लग्नाआधी एक तपासणी, पत्रिका नंतर बघा. २०२३ च्या जुलैपासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी होते.

गाजरगवताने अंगाला खाज सुटते, ही शक्ती कमी म्हणून?

जास्त म्हणून. किंवा चुकीच्या जागी म्हणून. गाजरगवताचे परागकण काही विष नव्हेत, पण टी पेशी त्यांना शत्रू समजून बसतात, एक-दोन दिवसांनी मान, पापण्या, कोपराच्या घडीत कातडी जाड होऊन खाजते. त्याच गवताने कोणाला पटापट शिंका येतात, ते काम आयजीई अँटिबॉडीचं, मिनिटांत. निंदणी करताना पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल.

कोड हा पण याच्यातलाच का?

हो, आणि म्हणून तो कुणाला लागत नाही, शिवल्याने नाही, एका ताटात जेवल्याने नाही, आणि महारोगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. टी पेशी कातडीला रंग देणाऱ्या स्वतःच्याच पेशी मारतात, एवढंच. व्याह्याची कॉलर धरली म्हटलं ना वर, ते हेच. आमवातात सांधे, टाइप १ च्या शुगरमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी. निरोगी माणसात हे होऊ नये म्हणून आवर घालणाऱ्या वेगळ्या टी पेशी असतात, त्या शोधल्याबद्दल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं नोबेल मिळालं. कोडाच्या मुलीचं लग्न मोडणाऱ्यांनी हे एवढं वाचलं तरी पुष्कळ.

गुडघेदुखीच्या पुड्यांनी आईला एकदम आराम पडला, चालू ठेवू का?

आधी पुडीत काय आहे ते विचारा. दोन दिवसांत उड्या मारायला लावणाऱ्या बिननावाच्या पुडीत बहुतेक वेळा स्टेरॉइड निघतं. ते सूज दाबतं म्हणजे रोगप्रतिकारच दाबतं, चेहरा गोल होतो, शुगर वाढते, झोपलेला टीबी उठतो. डॉक्टरच्या हातात तेच औषध जीव वाचवतं, पण मोजून. आणि महिनोन् महिने घेतलं असेल तर एकदम बंद पण करू नका, डॉक्टरकडून हळूहळू कमी करून घ्या.

शुगरवाल्यांचं पण इथेच सांगतो. शुगर वाढलेली असली की न्यूट्रोफिल आळशी होतात, जागेवर उशिरा पोचतात, नीट गिळत नाहीत. म्हणून चपलेने घासलेला फोड महिनाभर चिघळतो. रोज रात्री तळपाय बघायचे, नाही दिसत तर नातवाला बघायला लावायचे.

एखादी सलाईन लावली तर शक्ती येईल ना?

साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. ग्लुकोजची पाच टक्क्याची असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे एका केळ्याएवढी ताकद. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसाला ती जीवदान आहे, पण थकवा आला म्हणून लावायची असेल तर केळं स्वस्त पडेल.

एवढं रक्त काढता, त्याने शक्ती कमी नाही का होणार?

जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये दोन एमएल घेतो. अंगात पाच लिटरच्या आसपास आहे. समजा तुमच्या पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरला ८,००० आहेत तर दोन एमएलमध्ये गेल्या १ कोटी ६० लाख, ऐकायला खूप वाटतं. पण हाडांतला मगज रोज साधारण १०,००० कोटी न्यूट्रोफिल बनवतो, म्हणजे सेकंदाला अकरा लाखांच्या वर. मी कापूस लावून "दाबून धरा, चोळू नका" म्हणतो, तेवढ्या वेळात भरपाई झालेली असते. रिपोर्ट संध्याकाळी सहानंतर.